चावीवरची लाईन

वडाळा नाक्यावर, सायलेन्सरवाला आणि रसवंती
यांच्यामधल्या नऊ फुटांत
इद्रिस खतीब बसतात, उलट्या क्रेटवर.
पाटीवर अजून 'वायरिंग, सेल्फ, डायनॅमो'.
डायनॅमो आता कुणाच्याच गाडीत नसतो,
पण पुसायचा कुणी?

आज गिरणाऱ्याहून पुंडलिक बेंडकुळे आला.
टोमॅटोचा पिकअप, तीन पहाटा
चार पोरांनी ढकलून चालू केलेला.
"बॅटरी नवीये," म्हणतो, वॉरंटीचं कार्ड दाखवतो
ओळखपत्रासारखं.

मी बॉनेट उघडते.
बॅटरीच्या लाल टोकावर जत्रा:
पंखा, टेप, चार्जर, दोन फॉग, प्रेशर हॉर्न,
आरशाभोवतीची निळी झालर,
सगळे डायरेक्ट,
उघड्या तारेला उघडी तार पिळून
वर जखमेची चिकटपट्टी.
"कुणी केलं हे?"
"मीच," म्हणाला, आणि टायरकडे बघू लागला.

क्रेटवरून प्रश्न: "किती जण जेवतात, वैजू?"
"सात."
"आणि घर झोपल्यावर?"
"झालर, चार्जर. टेप अर्धवट जागा."

मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं तेव्हापासून
चाचांना रंग मी सांगते,
स्टिअरिंगखाली पाठ मोडून, फ्यूजपेटीत नाक घालून.
लाल, जाड.
"ती कायम जागी. सोड."
पिवळ्यावर काळी रेघ.
"चावी फिरव."

त्यांच्या टेस्ट लॅम्पला दीड वाव तार आहे.
टोक माझ्याकडे, बल्ब त्यांच्या मुठीत,
जुन्या इंडिकेटरचा, पिवळा.
मी एकदा एलईडीचा आणला होता,
सातपूरच्या आयटीआयत तोच शिकवला होता.
त्यांनी धरून पाहिला, परत दिला.
"याला ऊब नाही, बेटा.
हा माझ्याशी बोलत नाही."

चावी बंद: थंड.
चावी एक घर पुढे: ऊब.
"आता सेल मार. खरी गंमत तिथं."
इंजिन गुरगुरतं, आणि म्हणे त्या अर्ध्या सेकंदात
मूठ गार पडते, पुन्हा तापते.
(इतक्यात काच कुठली गार होते?
पण लाईन बरोबरच निघते, दर वेळी.)
"हीच. सेल्फला ताकद लागते तेव्हा बाजूला होते,
काम झालं की परत येते.
अशी सून मिळायची नाही."
"अशी सासू तरी कुठाय," मी डॅशबोर्डखालून.

या बारीक तारेवर पंगतीचं ओझं टाकायचं नाही.
ती फक्त निरोप नेईल.
शहाऐंशीवर निरोप, पंच्याऐंशीला अर्थ,
तीसवर बॅटरीकडून जाड तार,
तिला वितीच्या आत फ्यूज,
सत्त्याऐंशीवरून पुढे वाढप.
रिले बसवते, काडेपेटीएवढा.

"हॉर्न तेवढा डायरेक्ट राहू द्या,"
पुंडलिक मधेच.
"मळ्यात बिबट्या येतो. परवा कुत्रं नेलं.
गाडी बंद असली, चावी घरात असली,
तरी वाजला पाहिजे."

चाचा गप्प. रसवंतीचे घुंगरू चाललेले.
मग म्हणाले,
"दाबल्याशिवाय तो काही खात नाही.
राहू दे एक जागा.
पण त्याला त्याचा फ्यूज वेगळा दे."

सोल्डर, स्लीव्ह, टेप.
चावी: टक्.
झालर पेटली, पंखा फिरला,
टेपवर कुणीतरी मधल्याच ओळीपासून गाऊ लागलं.
चावी काढली: टक्.
सगळं गेलं.
चाचांनी दुसऱ्या टक् नंतर मान हलवली,
पहिल्यानंतर नाही.

साडेसहाशे रुपये, वर अर्धा क्रेट टोमॅटो.
नोटा त्यांनी बोटांनी ओळखल्या,
टोमॅटो वासाने: "अजून दोन दिवस."

पहाटे चार दहाला फोन वाजला.
पलीकडे कुणी बोललं नाही.
फक्त इंजिन, एका दमात लागलेलं,
आणि हॉर्न, एकदाच.
मी फोन उशीखाली सरकवला
आणि झोपले.